ब्रोकरच्या संशोधन अहवालांवरून कंपनी जोखताना नेमके काय वाचावे?

रामदासपेठकर
नमस्कार मंडळी. मी नागपुरात नोकरी करतो आणि बचतीतील काही भाग थेट शेअरमध्ये गुंतवतो. सध्या एका मध्यम आकाराच्या अभियांत्रिकी कंपनीचा विचार चालू आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की चर्चा शेअरच्या भावाकडे वळते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

माझ्यापुढे या कंपनीवरचे तीन वेगवेगळ्या ब्रोकरचे अहवाल आहेत. तिघांनीही 'बाय' म्हटले आहे. मात्र एकाने टार्गेट, म्हणजे शेअरचा पुढे अपेक्षित भाव, ७२० रुपये दिले आहे, दुसऱ्याने ८६० आणि तिसऱ्याने १,०००. बाजारातला भाव ६९०च्या आसपास आहे. कंपनी एकच, तिचा वार्षिक अहवाल एकच आणि तिमाही निकालही तेच असताना तीन अभ्यासू माणसांच्या उत्तरांत एवढी तफावत कशी पडते, हे मला समजून घ्यायचे आहे.

तीस-चाळीस पानांच्या अशा अहवालात आपल्यासारख्या सामान्य गुंतवणूकदाराने काय वाचावे, कशावर विश्वास ठेवावा आणि काय सोडून द्यावे? हे अहवाल वाचण्यात वेळ घालवणे उपयोगाचे आहे, असे माझे मत आहे. पण ते कसे वाचावेत, याची शिस्त मला हवी आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

इतवारीचा_घाऊक
माझे मत स्पष्ट आहे. हे अहवाल वाचूच नयेत. ब्रोकरचे उत्पन्न आपण किती वेळा खरेदी-विक्री करतो यावर अवलंबून असते. त्यामुळे तो आपल्याला 'काही करू नका' असे कधी सांगेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो, तो वाचावा आणि स्वतः ठरवावे.

मुंबईहून_परतलेला
मी मुंबईत एका दलाली संस्थेच्या संशोधन विभागात काम केले आहे आणि आता नागपुरात स्थायिक आहे. इतवारीच्या भाऊंचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याकडे येण्याआधी मूळ प्रश्नातल्या तफावतीचे उत्तर देतो.

बहुतेक अहवालांतील टार्गेट हा एक साधा गुणाकार असतो. पुढच्या किंवा त्यापुढच्या वर्षी कंपनी प्रतिशेअर किती नफा कमावेल याचा अंदाज, म्हणजे ईपीएस, आणि त्या नफ्याला बाजार किती पट किंमत देईल याचा अंदाज, म्हणजे पीई. समजा एकाने ईपीएस ४० रुपये आणि पीई २५ धरला, तर टार्गेट १,००० येते. दुसऱ्याने ईपीएस ३६ आणि पीई २० धरला, तर ७२० येते. नफ्याच्या अंदाजात फरक केवळ दहा टक्क्यांचा आहे, पटीच्या अंदाजात वीस टक्क्यांचा, पण दोन्ही एकाच दिशेने गेल्यामुळे टार्गेट अठ्ठावीस टक्क्यांनी खाली आले. या दोन आकड्यांपैकी ईपीएसमागे तरी काही पाने भरून गणित असते. पीई मात्र पुष्कळदा 'गेल्या पाच वर्षांची सरासरी' किंवा 'याच क्षेत्रातील इतर कंपन्यांच्या तुलनेत थोडी सवलत' एवढ्या एका वाक्यावर उभा असतो. अहवाल हातात आला की ते वाक्य आधी शोधा.

दुसरी पद्धत डीसीएफची, म्हणजे भविष्यात येणारी रोख आजच्या मूल्यात मोजण्याची. तिच्यात दहा वर्षांनंतरच्या अनंत काळाचे मूल्य एका भागाकाराने काढतात. वाढीचा दर ५ टक्के आणि सवलतीचा दर, म्हणजे भविष्यातली रोख आजच्या मूल्यात आणताना लावलेला दर, १२ टक्के धरला तर भाजक ७ टक्के होतो, म्हणजे त्या वर्षीच्या रोखीला सुमारे १४ पट मूल्य मिळते. वाढ ६ टक्के आणि सवलत ११ टक्के धरली तर भाजक ५ टक्के उरतो आणि मूल्य थेट २० पट होते. एकेका टक्क्याच्या या हालचालीला वाचणारा हरकतही घेत नाही, इतकी ती किरकोळ दिसते, आणि एकूण मूल्यांकनाचा निम्म्याहून मोठा भाग अनेकदा याच अनंत काळाच्या मूल्यात असतो.

रामदासपेठकर
आपले आभार. आत्ताच तिन्ही अहवाल पुन्हा उघडून पाहिले. १,००० टार्गेट देणाऱ्याने खरोखरच ४० आणि २५ धरले आहेत, तर ७२० देणाऱ्याने ३६ आणि २०. ८६० हे टार्गेट डीसीएफने काढलेले आहे आणि त्यात अनंत काळाचा वाढीचा दर ६ टक्के आहे. तीन पानांवरच्या तीन वाक्यांत सगळी तफावत सापडली.

ताळेबंद_वाचक
मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे. अहवालातील नफ्याचे अंदाज तपासण्यापूर्वी, झालेल्या वर्षांचा नफा रोखीत उतरला की नाही हे पाहावे, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक चांगल्या अहवालाच्या शेवटी नफा-तोटा, ताळेबंद आणि रोख प्रवाह यांचे तक्ते असतात. बहुतेक वाचक तिथवर पोहोचत नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विक्री ८०० कोटींवरून १,००० कोटींवर गेली, नफा ९० कोटी झाला, आणि पहिल्या पानावर 'दमदार २५ टक्के वाढ' असा मथळा आला. आता ताळेबंद उघडा. ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम १६० कोटींवरून ३०० कोटींवर गेलेली आहे. विक्रीच्या दिवसांत मोजले तर आधी पैसे ७३ दिवसांत येत होते, आता ११० दिवस लागत आहेत. येणी १४० कोटींनी वाढली आणि नफा ९० कोटींचा आहे, म्हणजे कंपनीने पुरवठादारांची देणी लांबवली नसतील तर तिच्या हाती वर्षभरात रोख आलेलीच नाही. वाढ खरी असेलही, पण ती उधारीवर विकत घेतलेली असू शकते. पाच वर्षांचा एकत्रित निव्वळ नफा आणि पाच वर्षांची कामकाजातून आलेली एकत्रित रोख या दोन बेरजा शेजारी मांडल्या, तर कुठे पाणी मुरते आहे ते पुष्कळदा तिथेच दिसते. यासाठी कॅल्क्युलेटर आणि पंधरा मिनिटे पुरतात.

इतवारीचा_घाऊक
ताळेबंदवाले साहेब जे सांगत आहेत ते मी दुकानातून पाहतो. मार्चचा शेवटचा आठवडा आला की काही कंपन्यांचे विक्री अधिकारी आमच्यामागे लागतात, 'माल उचला, पैसे जूनमध्ये द्या' असा आग्रह धरतात, आणि गोदामात जागा नसताना खोकी येऊन पडतात. त्या खोक्यांची विक्री कंपनीच्या चौथ्या तिमाहीत नोंदली जाते. मग मुंबईतल्या अहवालात 'ग्रामीण मागणीत सुधारणा' असे छापून येते. माल मात्र अजून आमच्याकडेच असतो, गिऱ्हाइकाच्या घरी गेलेला नसतो. म्हणूनच माझा या अहवालांवर विश्वास नाही.

मुंबईहून_परतलेला
भाऊ, आपण दिलेले उदाहरण मोलाचे आहे आणि चांगले विश्लेषक यासाठीच वितरकांशी बोलतात. या पाहणीला आमच्याकडे 'चॅनल चेक' म्हणत. आपण ज्या अहवालाबद्दल बोलत आहात त्यात अशी पाहणी झाली होती की केवळ कंपनीच्या व्यवस्थापनाचे म्हणणे उतरवून घेतले होते, हे अहवाल वाचून ओळखता येते. 'व्यवस्थापनाला अपेक्षा आहे', 'व्यवस्थापनाने मार्गदर्शन केले आहे' अशी वाक्ये किती आणि विश्लेषकाची स्वतःची माहिती किती, हे पेन्सिलने खुणा करून पाहावे. सगळी पाने व्यवस्थापनाच्या तोंडची असतील, तर तो अहवाल कंपनीच्या पत्रकाची सुबक प्रत आहे असे समजावे.

गोरेवाडा
शेवटचे पान आधी वाचावे आणि पहिले पान शेवटी.

सिव्हिल_लाइन्स
गोरेवाडा यांनी एका ओळीत सांगितलेली गोष्ट मी विस्ताराने सांगते, कारण नवीन वाचकांना तिचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०१४ मध्ये संशोधन विश्लेषकांसाठी नियम केले. त्यानुसार अहवालाच्या शेवटी हितसंबंध जाहीर करावे लागतात. संस्थेकडे किंवा विश्लेषकाकडे त्या कंपनीचे एक टक्का किंवा अधिक शेअर आहेत का, गेल्या बारा महिन्यांत त्या कंपनीकडून मोबदला मिळाला आहे का, तिच्या समभाग विक्रीचे व्यवस्थापन केले आहे का, हे तिथे बारीक टायपात छापलेले असते. वैयक्तिक विश्लेषकाला स्वतः शिफारस केलेल्या शेअरमध्ये अहवालाआधीचे ३० दिवस आणि नंतरचे ५ दिवस व्यवहार करण्यावरही या नियमांनी बंधन घातले. एखाद्या ब्रोकरने वर्षभरापूर्वी ज्या कंपनीचा आयपीओ, म्हणजे पहिली जाहीर समभाग विक्री, बाजारात आणला, तिच्यावरच त्याने उत्साहाने पहिला अहवाल काढला असेल, तर तो खोटा ठरत नाही. मात्र तो त्या नात्याची जाणीव ठेवून वाचायचा असतो.

मराठी वाचकांत या पानाविषयी उदासीनता आहे आणि तिचे मला मनापासून वाईट वाटते. कायद्याने आपल्याला दिलेले हे पान आहे, ते वाचण्याचा हक्क आपण बजावला पाहिजे.

खामला_स्क्वेअर
एक प्रश्न आहे. मी आजवर जे अहवाल पाहिले त्यांत 'बाय' खूप, 'होल्ड' थोडे आणि 'सेल' जवळजवळ नाहीतच. सगळ्याच कंपन्या घेण्यासारख्या कशा असतील?

मुंबईहून_परतलेला
कारणे अनेक आहेत. विश्लेषकाला कंपनीच्या अधिकाऱ्यांची भेट हवी असते, कारखाना पाहायचा असतो, मोठ्या म्युच्युअल फंडांच्या व्यवस्थापकांची त्या अधिकाऱ्यांशी गाठ घालून द्यायची असते. 'सेल' लिहिल्यावर ही दारे बंद होण्याची भीती वाटते. त्याच संस्थेच्या दुसऱ्या विभागाला त्या कंपनीचे भांडवल उभारणीचे काम मिळवायचे असते. शिवाय ज्या फंडांकडे तो शेअर आधीच आहे, तेच संस्थेचे मोठे ग्राहक असतात. आणि जी कंपनी आवडत नाही तिच्यावर अहवाल लिहायला सुरुवातच न करणे हा सर्वात सोपा मार्ग असतो, त्यामुळे तुमच्यासमोर येणारी यादी आधीच चाळलेली असते.

म्हणून शिफारशीपेक्षा शिफारशीतला बदल पाहावा. 'बाय'वरून 'अ‍ॅड', 'अ‍ॅड'वरून 'होल्ड' अशी घसरण झाली असेल, तर ती त्या जगातली बरीच कडक टीका असते. शिफारस तशीच ठेवून ईपीएसचा अंदाज दोन-तीन तिमाहींत सतत कमी केला जात असेल, तर तेही तेवढेच बोलके आहे. एखाद्या संस्थेने अहवाल काढणे कोणतेही कारण न देता थांबवले असेल, तर त्याचीही नोंद ठेवावी.

आणखी एक उपाय सांगतो, जो मला सर्वात प्रामाणिक वाटतो. त्याच संस्थेचा त्याच कंपनीवरचा दोन वर्षांपूर्वीचा अहवाल शोधा. त्या वेळी चालू वर्षासाठी वर्तवलेली विक्री, नफ्याचे प्रमाण आणि ईपीएस एका कागदावर लिहा, आणि शेजारी प्रत्यक्ष निकाल लिहा. विश्लेषकाचे कोणते गृहीतक वारंवार फसते हे कळले, की नव्या अहवालात बोट कुठे ठेवायचे ते आपोआप समजते.

मनसर_रोड
जुने अहवाल चाळताना एक पथ्य पाळावे. बोनस किंवा विभाजन झाले असेल तर जुने भाव आणि जुना ईपीएस नव्या शेअरसंख्येनुसार बदलून घ्यावा लागतो. मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या आपल्या नागपूरच्या मॉईल या सरकारी कंपनीचेच पाहा. डिसेंबर २०१० मध्ये तिचा शेअर ३७५ रुपयांना विकला गेला आणि २०१७ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट मिळाला, त्यामुळे आजच्या हिशेबात ती किंमत १८७ रुपये ५० पैसे होते. हे न करता तुलना केली तर निष्कर्षच उलटा निघतो.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मी फेरोअलॉय, म्हणजे पोलादासाठी लागणाऱ्या मिश्रधातूंच्या, क्षेत्रात काम केले आहे. मँगनीजचे खनिज कोण घेतो, भट्ट्या कधी बंद ठेवतात, वीजदर वाढला की खरेदी कशी आखडते, हे बालाघाट, भंडारा, नागपूर या पट्ट्यात वावरणाऱ्याला अहवाल येण्याच्या आधी कळते. त्यामुळे स्थानिक माणसाने स्थानिक उद्योगाच्या बाबतीत स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा, संशोधन अहवालाची गरज नाही, असे माझे मत आहे.

सिव्हिल_लाइन्स
मनसर रोड, आपल्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून मी असहमती नोंदवते. मार्च २०२४ मध्ये 'मेगन' या चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातील ग्रूट आयलंड येथील मँगनीज खाणीच्या धक्क्याचे मोठे नुकसान केले, तिथून होणारी निर्यात थांबली आणि पुढच्या महिन्यांत जगभर मँगनीज खनिजाचे दर चढले. मनसरच्या खाणीबाहेर उभे राहून हे कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. जागतिक पुरवठा, प्रतिस्पर्धी देश, पोलादाची मागणी हे एकत्र मांडून दाखवणे हे चांगल्या क्षेत्रीय अहवालाचे खरे काम आहे आणि ते एकट्यादुकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते.

मनसर_रोड
हा मुद्दा मान्य आहे. दराचा अंदाज अहवालातून घ्यावा आणि तो दर कंपनीच्या पदरात किती पडतो हे आपण तपासावे, असे म्हणू. मॉईल आपल्या खनिजाच्या दरांतील बदल शेअर बाजाराला वेळोवेळी कळवते. ते कळवलेले दर आणि अहवालात गृहीत धरलेले दर ताडून पाहता येतात.

निवृत्त_बँकर
इथे अद्याप कोणी पतमानांकन अहवालांचा उल्लेख केलेला नाही, म्हणून लिहितो. मी आयुष्यभर कर्जविभागात काम केले आहे. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज या संस्था कंपनीच्या कर्जाला मानांकन देताना त्यामागची कारणे आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य प्रसिद्ध करतात. ब्रोकरचा अहवाल 'भाव किती वाढेल' असे विचारतो, पतमानांकनाचा अहवाल 'घेतलेले पैसे परत येतील का' असे विचारतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना माणूस अधिक सावध होतो. त्यामुळे ग्राहकांवरील अवलंबित्व, खेळत्या भांडवलाची ओढाताण, बँकेची मर्यादा किती वापरली जाते, समूहातील इतर कंपन्यांना दिलेल्या हमी, अशा गोष्टी तिथे सरळ शब्दांत सापडतात. ज्या लहान कंपन्यांवर एकही ब्रोकर लिहीत नाही, त्यांच्यावरही बहुधा मानांकनाचा अहवाल असतो, कारण त्यांनी बँकेचे कर्ज घेतलेले असते. मानांकनापुढे 'कंपनी सहकार्य करत नाही' असा शेरा दिसला, तर मी तरी तिथून पुढे जाणार नाही.

इतवारीचा_घाऊक
पण पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या आयएल अँड एफएसला तर सर्वोच्च 'ट्रिपल ए' मानांकन होते. २०१८ मध्ये काही आठवड्यांत ते थेट 'डी'वर, म्हणजे कर्जफेड चुकल्याच्या मानांकनावर, आले. मानांकनाचे शुल्कही कर्ज घेणारी कंपनीच देते. मग तिथे तरी विश्वास कसा ठेवायचा?

निवृत्त_बँकर
आपला आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. अक्षर हा निष्कर्ष आहे आणि निष्कर्ष चुकू शकतो, तोही फार उशिरा कळतो. मी मानांकनाच्या अक्षरावर विसंबायला सांगत नाही, त्याखालचा मजकूर वाचायला सांगतो आहे. ब्रोकरच्या अहवालाबाबत इथे जे म्हटले गेले, तेच इथेही लागू पडते.

त्रिमूर्तीनगर_शिक्षिका
मी हा धागा सुरुवातीपासून वाचते आहे. माझ्या मनात एक वेगळी शंका आहे. शाळा, घर आणि मुलांचा अभ्यास सांभाळून मी वीस कंपन्यांचे अहवाल, जुने अहवाल, मानांकन आणि ताळेबंद वाचू शकत नाही. अशा माणसाने काय करावे?

ताळेबंद_वाचक
ताई, अशा माणसाने म्युच्युअल फंड किंवा इंडेक्स फंड निवडावा, हे मी माझ्या अशिलांनाही स्पष्ट सांगतो. ज्याला थेट शेअर घ्यायचे आहेत त्याने पाच-सहा कंपन्यांपलीकडे जाऊ नये. वरवर पाहिलेल्या वीस कंपन्यांपेक्षा नीट वाचलेल्या पाच बऱ्या. अहवाल वाचायला वेळ नाही म्हणून केवळ टार्गेट पाहून खरेदी करणे, हा तिसरा मार्ग मात्र घेऊ नये.

खामला_स्क्वेअर
माझ्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मोठ्या संस्थांच्या नावाने पीडीएफ येतात. 'तीन महिन्यांत दुप्पट, खात्रीशीर' असे लिहिलेले असते. ते खरे अहवाल असतात का?

सिव्हिल_लाइन्स
कृपया त्यांवर एक रुपयाही लावू नका. नोंदणीकृत विश्लेषकाला खात्रीशीर परताव्याचे आश्वासन देण्याची मुभा नाही, त्यामुळे 'खात्रीशीर' हा शब्द दिसताच तो कागद बाद करावा. सेबीकडे नोंदलेल्या संशोधन विश्लेषकाचा क्रमांक 'आयएनएच' या अक्षरांनी सुरू होतो आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर नावासह पडताळता येतो. क्रमांक खरा असला तरी तो पीडीएफ खरोखर त्याच संस्थेचा आहे का, हे त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन पाहावे, कारण दुसऱ्याचा क्रमांक वापरून बनावट कागद तयार करणारेही आहेत. फसवणूक झाल्यास पोलिसांच्या सायबर विभागाकडे जावेच. नोंदणीकृत मध्यस्थाविरुद्धची तक्रार सेबीच्या 'स्कोअर्स' या व्यवस्थेत करता येते.

गोरेवाडा
सत्यम या आयटी कंपनीच्या घोटाळ्याच्या वेळी सगळे अहवाल चुकले होते, हेही इथे नोंदवायला हवे. ७ जानेवारी २००९च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ताळेबंदातील ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिल्लकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याचे कबूल केले. लेखापरीक्षित ताळेबंदच खोटा असेल, तर त्यावर उभारलेले कोणतेही गणित निरुपयोगी आहे.

ताळेबंद_वाचक
हे खरे आहे. घरी बसून ताळेबंद वाचणाऱ्याला असा घोटाळा उघड करता येईल, असा दावा कोणी करू नये. पण इशारा मिळालाच नव्हता असेही नाही. त्या पत्राच्या तीनच आठवडे आधी, १६ डिसेंबर २००८ रोजी, कंपनीने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मायटास कंपन्या विकत घेण्याचे जाहीर केले होते आणि भागधारकांच्या संतापामुळे तो बेत मागे घ्यावा लागला. कंपनीची रोख प्रवर्तकांच्या दुसऱ्या खिशाकडे निघाली, की मूल्यांकनाचा कागद बाजूला ठेवून बाहेर पडावे. सूचिबद्ध कंपन्यांना आता संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार दर सहामाहीला जाहीर करावे लागतात. ब्रोकरच्या अहवालात या विषयाला क्वचितच जागा मिळते, त्यामुळे ते आपणच वाचायचे. प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवले आहेत, हेही दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात पाहावे.

रामदासपेठकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितलेल्या क्रमाने मी काम केले, त्यातून काय निघाले ते सांगतो.

आधी शेवटची पाने वाचली. १,००० टार्गेट देणाऱ्या संस्थेने गेल्या बारा महिन्यांत या कंपनीच्या भांडवल उभारणीचे काम केलेले आहे. त्यानंतर ताळेबंदवाल्या साहेबांचे गणित मांडले. या कंपनीची येणी दोन वर्षांत ८४ दिवसांवरून १२१ दिवसांवर गेली आहेत. १,०००च्या अहवालात याचा उल्लेख नाही. ८६०च्या अहवालात चौदाव्या पानावर एक ओळ आहे. ७२० टार्गेट देणाऱ्याने मात्र यावर अख्खे पान खर्च केले आहे, आणि पीई २० का धरला याचे कारण हेच दिले आहे. तिघांनीही 'बाय' लिहिले असल्यामुळे, आणि सर्वात कमी टार्गेट त्याचे असल्यामुळे, मी तो अहवाल आधी बाजूला ठेवला होता. तिघांत तोच सर्वात कष्टाने लिहिलेला आहे, असे आता माझे मत झाले आहे.

पतमानांकनाच्या अहवालातही सरकारी ग्राहकांकडून पैसे उशिरा येत असल्याची नोंद सापडली. तिमाही निकालांनंतरच्या कॉन्फरन्स कॉलची शब्दशः नोंद शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर आहे. त्यात एका विश्लेषकाने येण्यांविषयी विचारले होते आणि 'पुढील दोन तिमाहींत सुधारणा दिसेल' असे उत्तर मिळाले. मागच्या वर्षीच्या नोंदीतही हेच उत्तर आहे. आता प्रश्न असा की, ही येणी केवळ उशिरा येणारी आहेत की बुडीत जाणारी, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे?

ताळेबंद_वाचक
फार नेमका प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वार्षिक अहवालातच आहे. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून कंपन्यांना येण्यांची वयानुसार विभागणी द्यावी लागते. ताळेबंदाच्या टिपांमध्ये 'ट्रेड रिसीव्हेबल्स'ची टीप शोधा. तिथे सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरची अशा रकान्यांत रक्कम असते, आणि वादग्रस्त व निर्विवाद अशी वेगळी वर्गवारीही असते. एक वर्षावरची रक्कम दोन्ही वर्षांची काढा आणि तिच्यासमोर कंपनीने बुडीतसाठी केलेली तरतूद ठेवा. जुनी येणी वाढत आहेत आणि तरतूद तेवढीच आहे, असे असेल तर दाखवलेल्या नफ्यातला काही भाग पुढे कापला जाण्याची शक्यता धरावी. लेखापरीक्षकाच्या अहवालातील 'की ऑडिट मॅटर्स' हा भागही वाचा. येण्यांच्या वसुलीचा तिथे उल्लेख असेल, तर लेखापरीक्षकालाही तो विषय महत्त्वाचा वाटला आहे.

रामदासपेठकर
तक्ता मिळाला. एक वर्षावरची निर्विवाद येणी ४१ कोटींवरून ७८ कोटींवर गेली आहेत, आणि तरतूद ९ कोटींवरून ११ कोटींवर. वादग्रस्त रकान्यात काही नाही. लेखापरीक्षकांनी येण्यांचा मुद्दा 'की ऑडिट मॅटर्स'मध्ये घेतला आहे. या ६७ कोटींच्या उघड्या रकमेपैकी निम्मी जरी बुडाली, तरी ईपीएसवर काय परिणाम होईल हे मी आता मांडून पाहतो आहे. मोठी खरेदी तूर्त करत नाही.

निवृत्त_बँकर
योग्य निर्णय. एक शेअर मात्र घेऊन ठेवा. एका शेअरच्या मालकालाही वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येतो आणि मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. आजकाल बऱ्याच सभा ऑनलाइन होतात, वक्ता म्हणून आधी नाव नोंदवले की नागपुरातून बोलता येते. 'येणी कधी सुधारतील' असे विचारू नका, त्याला ठरलेले उत्तर मिळेल. 'एक वर्षावरच्या ७८ कोटींपैकी मार्चनंतर आजपर्यंत किती रोख जमा झाली, आणि त्यातील सर्वात मोठ्या तीन ग्राहकांचा वाटा किती' असे विचारा.

रामदासपेठकर
सभेची सूचना आली की नाव नोंदवतो आणि मिळालेले उत्तर याच धाग्यावर लिहितो.